सीडरचे चार ट्रे

२३ मार्च, रविवार

आज खोकं फोडलं. पंधरा महिने ते शेडमध्ये फळ्यांच्या मागे उभं होतं आणि मी रोज त्याच्या बाजूनं करवत घ्यायला जात होतो. आत वाइन थंड ठेवायचा छोटा फ्रिज आहे. काळा, काचेच्या दाराचा, माझ्या कमरेएवढा.

धम्मदीपनं घेतला होता. जहाजावर सेकंड इंजिनिअर होता, सुट्टीत आला की काहीतरी घेऊन यायचाच. त्या वेळी मी दारातच आडवा आलो. पंचशील म्हणणाऱ्या घरात दारूचा फ्रिज येणार नाही, म्हटलं. तो हसला. "दारू नाही ठेवत बाबा, सिगार ठेवीन. तुम्ही फक्त आतले ट्रे करून द्या, सीडरच्या लाकडाचे." मी म्हटलं, तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवलं ते तुझ्या धुरासाठी पाळणे करायला नाही. त्यानं खोकं शेडमध्ये नेऊन ठेवलं. चार दिवसांनी जहाजावर गेला. गेल्या चौदा जूनला इंजिनरूममध्ये त्याचं हृदय बंद पडलं. चौतीस वर्षांचा होता.

हे लिहायचं नव्हतं, पण वही माझी आहे आणि वाचणारं कोणी नाही.

कंपनीनं त्याचं सामान पाठवलं, त्यात एका लाकडी पेटीत चाळीस सिगार होते. कपडे त्याच्या आईनं, सिंधूनं, धुऊन ठेवले. पेटीचं काय करायचं ते कोणाला कळलं नाही. मी ठरवलंय. पहिल्या स्मृतिदिनाआधी ट्रे करायचे, फ्रिजचं सिगारचं कपाट करायचं, त्याला हवं होतं तसं.

दुसरं कारणही लिहून टाकतो. मागच्या आठवड्यात सिंधू जेवताना म्हणाली की कामिनी तीस वर्षांची आहे, सुनेच्या पुढचं आपणच पाहायला पाहिजे. कामिनी तिथेच होती. "स्मृतिदिन होऊ द्या आई, मग बोलू," एवढंच म्हणाली. मला वाटतं, धम्मदीपचं काहीतरी या घरात नीट जपलेलं राहिलं तर ती जाणार नाही. एक गेला. आता ही गेली तर मला झेपणार नाही.

३० मार्च, रविवार

ऋषीला फोन केला. धम्मदीपबरोबर जहाजावर होता तो. आधी पेटीचं आणि फ्रिजचं सांगितलं. मग म्हणाला, "काका, सिगार उघडे ठेवले असतील तर नागपूरच्या उन्हाळ्यात वाळून भुगा होतील. आत ओलावा पाहिजे, सत्तर टक्क्यांपर्यंत, अन् गारवा वीस अंशांच्या आत." लाकूड स्पॅनिश सीडरच हवं. खिळा नको, पॉलिश नको, तेल नको, कशाचाही वास तंबाखूत उतरतो. तळाला पट्ट्या मारा, दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवा, हवा फिरली पाहिजे.

मी सगळं लिहून घेतलं. या पोराला वाटतं मी आजच रंधा हातात धरला.

लकडगंजात टालवाल्यानं सीडर म्हणून देवदार पुढे केला. नख मारलं तर राळेचा वास. परत दिला. शेवटी ऋषीनंच पत्ता काढला, बंगळुरात गिटार बनवणाऱ्यांना लाकूड देणारा एक जण आहे. तो फळ्या पाठवतो म्हणाला.

६ एप्रिल, रविवार

फळ्या आल्या. हलक्या, गुलाबीसर, रेषा सरळ. रंधा मारला तर शेडभर गोड वास पसरला, पेन्सिल छिलल्यासारखा. सिंधू दारात येऊन वास घेऊन गेली.

एक अडचण निघाली. हा फ्रिज खोलीपेक्षा पंधरा-वीस अंशच गार करतो. शेडमध्ये आजच बेचाळीस आहे, म्हणजे फ्रिज नावालाच. घरात एसी एकच, धम्मदीप-कामिनीच्या खोलीत. तर फ्रिज तिथेच, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. सिगार सध्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओल्या स्पंजसोबत आत ठेवलेत. एसी आता दिवसरात्र सुरू राहील. कामिनीला विचारलं, चालेल ना. "चालते बाबा," म्हणाली. तिला बरं वाटलं असावं, तिच्याच खोलीत आहे म्हणून.

९ एप्रिल, बुधवार

माप घेतलं. आतली रुंदी पावणेपंधरा इंच. चार ट्रे बसतील. फ्रिजच्या दोन्ही भिंतींना आधाराच्या पट्ट्या आहेत, त्यांवरून ट्रे सरकेल.

पट्ट्या मारून फटी ठेवायचं मला पटत नाही. ते भाजीवाल्याच्या क्रेटसारखं दिसतं. मी फळ्या कडेला कड जोडून तळ अखंड करणार आणि त्याला भोकं पाडणार, ओळीनं. हवा फिरेल आणि कामही काम दिसेल. कोपऱ्यांना डोव्हटेल, दातात दात अडकवलेला जोड. बाजूला केस जाणार नाही इतकं घट्ट माप.

कामिनी परवापासून हॉलमध्ये सिंधूजवळ झोपते. हॉलमध्ये कूलर आहे. एसीत अंग दुखतं म्हणे. आजकालची पोरं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. संविधान चौकात गेलो नाही. मागच्या वर्षी तो जहाजावरून व्हिडिओ कॉलवर होता, ढोल ऐकू द्या म्हणून मी फोन वर धरून उभा होतो. हात दुखला म्हणून खाली घेतला. तो म्हणाला, आणखी जरा बाबा. मी म्हटलं, पुरे.

कामिनी धंतोलीत हॉस्पिटलला नर्स आहे, तिची ड्यूटी होती. सुट्टी मिळत होती, तिनं घेतली नाही. पांढरी साडी पिशवीत घालून नेली आणि तिथूनच चौकात जाऊन आली.

२६ एप्रिल, शनिवार

आज पोस्टमन आला. कामिनीच्या नावाचं रजिस्टर पाकीट. तिनं फाटकापाशी उभ्यानंच वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. मी विचारलं, विम्याचं का? ती म्हणाली, "हो, तसंच काहीतरी." विम्यावाल्यांनी पोरीला फार फिरवलंय. चेहरा उतरला होता.

संध्याकाळी शेडमध्ये आली. पहिल्या ट्रेचे कोपरे जुळवत होतो. "बाबा, हे सगळं किती दिवसांत होईल?" मी म्हटलं, घाईचं काम नाही हे. तिनं मान हलवली, स्टुलावर बसली आणि भुसा झाडू लागली. धम्मदीप लहानपणी असाच बसायचा.

एक गोष्ट कबूल करतो. मी मुद्दाम हळू करतोय. चार ट्रे मला दहा दिवसांचं काम. पण ती रोज येऊन विचारते, बाबा, कुठपर्यंत आलं. मला ते आवडतं. काम संपलं की ती काय विचारेल?

४ मे, रविवार

दोन ट्रे झाले. रंध्याची धार लावण्यात अख्खा दिवस घालवला, ती लावायची गरज नसताना.

कामिनीनं मोठी चाकांची बॅग आणली. निळी. "ऑफर होती," म्हणाली. सिंधू तिच्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली. सासूसुनेचं काहीतरी बिनसलं असावं. मी बायकांच्या भानगडीत पडत नाही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात तिघंही गेलो. खीर वाटताना एका ओळखीच्या बाईनं कामिनीला विचारलं, "आता इथंच राहतेस का वं?" मी मध्येच म्हटलं, घर आहे तिचं, कुठे राहील? बाई ओशाळली. कामिनी खाली बघत द्रोण भरत होती. बरं वाटलं मला, तिच्या बाजूनं बोलता आलं.

घरी आल्यावर सिंधू म्हणाली, "तुमाले कोणं विचारलं होतं जी? तिले बोलू द्यायचं होतं."

"मी काय वाईट बोललो वं?"

"वाईट नाही बोलले. तिच्या तोंडचं बोलले."

सिंधू आजकाल फार चिडते. साखर वाढली असेल, तपासायला पाहिजे.

२० मे, मंगळवार

झालं. चारही ट्रे आज बसवले. बाहेर पंचेचाळीस, लाकूड खडखडीत, आणि ट्रे असा आत गेला की शेवटच्या इंचाला हवेनं त्याला मागे ढकललं. आयटीआयमध्ये असतो तर सगळ्या बॅचला बोलावून दाखवलं असतं. खाली ओलाव्याची डबी ठेवली, ओलावा मोजायचं काट्याचं मीटर आत चिकटवलं. सिगार एकेक करून मांडले, दहा-दहाच्या चार ओळी. कामिनी मागे उभी होती, ओढणी नाकाशी धरून. सर्दी झालीय तिला, कूलरमुळे. मी म्हटलं ना, एसीत झोप.

"छान झालं बाबा," म्हणाली. मग, "म्हणजे आता पूर्ण झालं नं?"

मी म्हटलं, अजून नाही. दाराच्या आतून त्याचं नाव कोरलेली पट्टी लावायची आहे. हे मी त्याच क्षणी ठरवलं.

२९ मे, गुरुवार

मीटर अडुसष्ट दाखवतं. उत्तम. वरचा ट्रे जरा जड सरकतो. नवीन आहे, बसेल.

नावाची पट्टी अजून कोरली नाही. पटाशी हातात घेतली की "ध" काढून होतो आणि पुढे हात जात नाही.

७ जून, शनिवार

कामिनी दोन दिवस फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलते. "चोवीसच्या पुढे नाहीच का जमणार सर?" एवढंच ऐकू आलं. हॉस्पिटलच्या ड्यूटीचं असावं. मी विचारलं, रजा हवी का, स्मृतिदिनाची? म्हणाली, "ती घेतली आहे बाबा."

भंतेजींना सांगून आलो. पन्नास पानं होतील जेवायला. लोक आले की त्यांना खोलीत नेऊन कपाट दाखवायचं, असं मनात आहे. एकेक ट्रे बाहेर ओढून.

१२ जून, गुरुवार

आज सगळं विस्कटलं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सराव म्हणून कामिनीला बोलावलं. म्हटलं, परवा लोकांना तूच दाखवायचं, वरचा ट्रे ओढ. तिनं ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. मी म्हटलं, जोर लाव, नाजूक नाही तो. नाही हलला. तिला बाजूला करून मी दोन्ही हात घातले. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. चारही ट्रे भिंतीत चिणल्यासारखे. मग मी चिडलो आणि पाय टेकवून हिसका दिला. पुढची पट्टी डोव्हटेलसकट माझ्या हातात आली. दोन सिगार खाली पडून फुटले.

मला तिथेच कळलं. तळ अखंड. भर उन्हाळ्यात खडखडीत वाळलेल्या लाकडाचं माप घेतलं आणि ते ओलाव्यात बंद केलं. रुंदीत दीड सूत तरी फुगलं असणार. फट ठेवली असती तर फुगायला जागा मिळाली असती. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आहे, दर जूनमध्ये, नव्या बॅचला. ऋषीनंही सांगितलं होतं.

मी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, काही नाही, आज उद्या दोन दिवस आहेत. सोडवून, तळ कापून, पुन्हा बसवतो. नाही झालं तर महिनाभर पुढे. कामिनी, तू काळजी करू नको.

कामिनी रडायला लागली. वर्षभरात माझ्यासमोर पहिल्यांदा. मला वाटलं सिगार फुटले म्हणून. मी म्हटलं, अडतीस आहेत अजून.

तेव्हा सिंधू दारातून बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. "मेलेल्याच्या सिगारीले एसी अन् जित्या पोरीले कूलर. दोन महिने पाहून राहिली मी. तिले या वासात झोप येत नाही, म्हणून ते बाहेर झोपते. तुमाले एकदा तरी वाटलं का, काहून झोपते म्हणून?"

मी कामिनीकडे पाहिलं. तिनं नाही म्हटलं नाही.

मग सिंधूनं बाकीचंही सांगितलं. ते रजिस्टर पाकीट विम्याचं नव्हतं. पुण्याच्या सरकारी रुग्णालयात कामिनीची नेमणूक झाली आहे. सव्वीस मेपर्यंत हजर व्हायचं होतं. तिनं अर्ज करून चोवीस जूनपर्यंत मुदत वाढवून घेतली. "तुमचे ट्रे होऊ दे म्हणे. बाबाचं काम अर्ध्यात असताना नाही सांगणार म्हणे. अन् तुमी पट्ट्या कोरून राहिले." आणखी मुदत मागितली तर नाही म्हणाले. चोवीसला गेली नाही तर नोकरी गेली.

मी शेडमध्ये गेलो आणि दुपारभर तिथे बसलो. फार गरम होतं.

१३ जून, शुक्रवार

सकाळी करवतीचं पातं मोकळं काढून हातात धरलं आणि प्रत्येक ट्रेचा तळ मधोमध कापला. कापताच लाकडानं अंग सोडलं आणि ट्रे बाहेर आले. तुकडे शेडमध्ये नेले. सिगार त्यांच्या जुन्या पेटीत भरले. इथल्या हवेत वाळतील, ते मला माहीत आहे. फ्रिज मी आणि सिंधूनं मिळून बाहेर काढला. खोलीची खिडकी दिवसभर उघडी ठेवली, फरशी फिनेलनं पुसली. दोनदा पुसली.

कामिनी ड्यूटीवरून आली. खोलीत डोकावली आणि उंबऱ्यातच थांबली.

"बाबा, मी असं करा नाही म्हटलं."

"तू म्हटलंच कुठे काही. म्हणायला पाहिजे होतं."

"तुम्ही इतकं मनापासून करून राहिले होते. कसं सांगू?" पलंगाच्या कडेवर बसली. "तो आला की त्याच्या शर्टाला हाच वास यायचा. मी ओरडायची त्याच्यावर. आता खोलीत शिरली की वाटे, आत्ता इथून उठून बाहेर गेला. रोज वाटे. मग झोपच नाही यायची."

मी तिला सांगितलं. दारात मी काय बोललो होतो ते, धुराचे पाळणे वगैरे, सगळं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मग विचारलं, तुला बोलला होता का तो काही?

"फोनवर बोलला होता."

"रागावला होता?"

"राग नाही. वाईट वाटलं होतं त्याला."

खोटं बोलली असती तरी चाललं असतं, मी मानून घेतलं असतं. पण ती खोटं बोलली नाही आणि मला ते ऐकायचंच होतं. मी खूप रडलो. तिनं पाणी आणून दिलं आणि ग्लास रिकामा होईपर्यंत माझ्यासमोर उभी राहिली, वॉर्डात उभी राहते तशी.

पाणी पिऊन झाल्यावर मी म्हटलं, चोवीसला हजर हो. तिकीट मी काढतो.

१४ जून, शनिवार

वंदना झाली. भंतेजी थोडंच बोलले, बरं झालं. अठ्ठावन्न माणसं जेवली. कोणाला काही दाखवलं नाही. फोटोसमोर मेणबत्ती लावताना सिंधूचा पदर सारखा घसरत होता, कामिनी तो सावरत होती.

दुपारी पाहुणे गेल्यावर कामिनीनं सगळ्यांसमोर नाही, पण आम्हा दोघांसमोर स्पष्ट सांगितलं, "मी पुण्याला चालली आई. बाबा, मी चालली." आम्ही हो म्हटलं. एका वाक्याचं काम होतं. तिला सात आठवडे लागले आणि ते माझ्यामुळे.

१८ जून, बुधवार

ती आता तिच्या खोलीत झोपते. सकाळी उठते तेव्हा चेहरा वेगळा असतो. सिंधू तिच्यासाठी तिखट कुटून बांधते आहे, जवसाची चटणी, सांडगे. बॅगेचं वजन जास्त होईल म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारले.

ऋषीचा फोन आला, कपाट कसं झालं काका? मी सांगितलं, तळ अखंड केला होता. तो इंजिनिअर माणूस, त्याला लगेच समजलं. "अरे," एवढंच म्हणाला.

२२ जून, रविवार

आज गाडी होती. निळी बॅग मी ओढत नेली. चाकं चांगली आहेत.

गाडीला वेळ होता. मी रात्रीपासून घोकून ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, तिकडे कोणी चांगला माणूस भेटला तर लपवू नको. आम्हाला कळव. आम्ही येऊ, आईबाप येतात तसे येऊ. कामिनीनं मान खाली घातली आणि माझा हात धरला. सिंधूनं तोंड दुसरीकडे वळवलं.

"बाबा, गोळ्या रोज घ्या. अन् आईची साखर पंधरा दिवसांनी तपासा, मी गोळ्यांची नावं लिहून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवली आहेत."

मी हो म्हटलं. ती पाया पडू लागली, मी पडू दिलं नाही, मग पडू दिलं.

गाडी आली, ती चढली, खिडकीशी बसली. काच बंद होती म्हणून आवाज येत नव्हता. ती काहीतरी म्हणाली, सिंधू हो हो म्हणून मान हलवत राहिली. काय म्हणाली ते सिंधूलाही कळलं नव्हतं, नंतर मी विचारलं.

त्या खोलीत सिगार अडुसष्ट रात्री होते. ते निघाल्यावर कामिनी तिथे नऊच रात्री झोपली. हे मी प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या मोजलं आणि मला फार लाज वाटली.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, चल. सिंधू बाकावर बसली. म्हणाली, "घरी जाऊन काय करायचं जी?"

मीही तिच्याशेजारी बसलो. त्याच फलाटावर दुसरी एक गाडी आली, माणसं उतरली, माणसं चढली, तीही गेली. आम्ही बसून होतो.